पद्मिनीचा प्ले काढताना

नागपूरच्या महाल भागात गाडी चालवणाऱ्याला स्टिअरिंग ढिलं झाल्याचं लवकर कळत नाही. बडकस चौकातून कोतवालीकडे आणि तिथून गांधी गेटकडे जायचं, तर दुसऱ्या गिअरच्या वर जायला वावच मिळत नाही. समोर ई-रिक्षा, बाजूला स्कूटी, बुधवार बाजाराच्या अंगाला भाजीचे ठेले. अशा पंधरा-वीसच्या वेगात स्टिअरिंग दोन इंच मोकळं फिरलं तरी हात ते सांभाळून घेतात. वर्षानुवर्षं सांभाळत राहिलं की ती गाडीची खोडच वाटू लागते आणि तक्रार करायचंही सुचत नाही. खरी परीक्षा होते ती वर्धा रोडला लागल्यावर. वेग साठच्या पुढे गेला की तीच गाडी लेन धरत नाही. डावीकडे जरा वळवायला जावं तर आधी काहीच होत नाही आणि मग एकदम जास्त होतं. चालवणारा सारखा स्टिअरिंग इकडून तिकडे करत राहतो आणि बुटीबोरीपर्यंत त्याचे खांदे भरून येतात.

ज्या गाडीवरून हा लेख लिहायचं मनात आलं ती ऐंशीच्या दशकातली प्रीमियर पद्मिनी. महालातल्याच एका निवृत्त शिक्षकांची. तिचा फिकट क्रीम रंग अजून टिकून आहे, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बाजूला आहे आणि पुढची सीट सोफ्यासारखी सलग. सरांनी ती आधी शहराच्या दुसऱ्या टोकाला एका गॅरेजात दाखवली होती. तिथे बॉनेट उघडलं, स्टिअरिंग बॉक्सवरचा अ‍ॅडजस्टिंग स्क्रू आवळला आणि गाडी परत दिली. दोन दिवस बरं वाटलं. मग लक्षात आलं की वळण संपल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ येत नाही, हाताने ओढून आणावं लागतं. चौकात पूर्ण वळवताना ते मध्येच घट्ट होतं. आणि सरळ रस्त्यावरचं डुलणं होतं तसंच राहिलं.

जुन्या गाडीच्या पुढच्या भागाशी संबंध आलेल्या प्रत्येकाला ही गोष्ट कधी ना कधी भोगावी लागते, म्हणून ती मुळापासून सांगायला हवी. ढील, म्हणजे गॅरेजच्या भाषेतला प्ले, कधीच एका जागी नसते. स्टिअरिंगपासून रस्त्यापर्यंत दहा-बारा सांधे असतात, आणि प्रत्येकाने केसाएवढी ढील घेतली तरी वर चालवणाऱ्याच्या हाताशी ती दोन इंच होऊन येते. ती शोधायचा क्रम ठरलेला आहे: खालून वर, टायरपासून सुरुवात करायची आणि बॉक्सला हात सगळ्यात शेवटी लावायचा. बहुतेक जण उलटं करतात, कारण बॉक्सचा स्क्रू बॉनेट उघडताच समोर दिसतो.

सरांची गाडी अखेर ज्या मिस्तरींकडे आली, त्यांची जागा केळीबाग रोडच्या मागच्या एका बोळात आहे. गाडी निम्मी आत आणि निम्मी गट्टूच्या रस्त्यावर राहते. फियाट आणि अ‍ॅम्बेसेडर या दोनच गाड्यांवर त्यांची उमेदवारी झाली. सरांनी बॉक्सचं सांगायला सुरुवात केली, तर त्यांनी हातानेच थांबवलं. "सर, बॉक्स कुठं पळून नाही चालला. पहिले खालचं पाहू द्या."

त्यांनी आधी चारही टायरांची हवा मोजली. पुढच्या दोन टायरांत फरक असेल तर गाडी एका बाजूला ओढते, आणि त्याचा दोष स्टिअरिंगवर जातो. मग उजव्या पुढच्या टायरवर तळहात ठेवून तो आडवा फिरवला, बाहेरून आत आणि आतून बाहेर. मलाही करून पाहायला सांगितलं. एका दिशेने रबर गुळगुळीत लागतं, उलट दिशेने प्रत्येक नक्षीची कड करवतीसारखी हाताला लागते. टायर सरळ न धावता किंचित तिरका घासत चालला, की अशा कडा तयार होतात. चाकांचा टो, म्हणजे पुढच्या कडेला ती किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते माप, बिघडलाय हे मशीनवर न चढवता इथेच कळलं. पण तो का बिघडला ते शोधायचं होतं.

त्यासाठी दोन माणसं लागतात. दुकानातला पोरगा सीटवर बसला आणि इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग अगदी थोडं डावीकडे-उजवीकडे हलवत राहिला. मिस्तरी पोतं टाकून गाडीखाली गेले आणि एकेका सांध्याला मुठीत धरत सरकले. बॉक्समधून निघणारा ड्रॉप आर्म, त्याला जोडलेला मधला लिंक, दोन्ही बाजूंचे टाय रॉड, त्यांच्या टोकांचे बॉल जॉइंट. सांध्याची एक बाजू हलते आणि दुसरी क्षणभर मागे राहते. तो क्षण डोळ्यांनी दिसत नाही, पण मूठ सांध्यावर असेल तर बोटांना टिचकी लागल्यासारखी कळते. त्यांनी माझा हात धरून डाव्या बाजूच्या एका आर्मवर ठेवला. तिथे टिचकी लागत नव्हती, सरळ खडखड होती.

तो आयडलर आर्म. आपल्याकडे चालवणारा उजवीकडे बसतो, त्यामुळे बॉक्सही उजवीकडे असतो आणि त्याचा आर्म मधल्या लिंकचं उजवं टोक ढकलतो. लिंकचं डावं टोक कुणीतरी धरून ठेवायला हवं. त्यासाठी डाव्या बाजूला चासीवर तसाच एक आर्म बसवलेला असतो. त्याला गिअर नाही, तेल नाही, फक्त एक पिन आणि बुश. काही काम नसल्यासारखा दिसतो म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही. पण त्याचा बुश गेला की मधला लिंक ढकलल्यावर आधी तिरका होतो आणि मगच सरकतो. सरांच्या गाडीतली निम्म्याहून जास्त ढील या एका बुशात होती.

मग जॅक लावला. पुढचं चाक जमिनीपासून उचललं, वर आणि खाली धरलं आणि आतबाहेर हलवून पाहिलं. चाक हललं. आता हे बेअरिंग की किंग पिन, हे कसं ओळखायचं? मिस्तरींनी पोराला ब्रेकवर पाय ठेवायला सांगितलं. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. ब्रेक दाबला की लायनर ड्रमला धरून ठेवतात, म्हणजे चाक आणि त्यामागची ब्रेक प्लेट एक होतात आणि मधल्या बेअरिंगची ढील गायब होते. तरीही चाक हलत राहिलं, तर दोष बेअरिंगच्या मागे, किंग पिनमध्ये किंवा आर्मच्या पिनांमध्ये. पाय दाबलेला असताना चाक हलत होतं. कुठलंही यंत्र न लावता केलेली ही तपासणी मला अजून अचंब्याची वाटते, आणि ती ज्याला माहीत नाही त्याने जुन्या गाडीचा पुढचा भाग उघडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

किंग पिन म्हणजे जिच्याभोवती चाक डावी-उजवीकडे वळतं ती जाड पोलादी सळई. दाराच्या बिजागरीत सळई असते तशीच, फक्त इथे तिच्यावर इंजिनासकट गाडीच्या पुढच्या भागाचा निम्मा भार आहे आणि प्रत्येक खड्ड्याचा मार आहे. ही रचना मोटारीच्या आधीची. चार चाकांची घोडागाडी वळवायची तर पूर्वी सगळा पुढचा आखच मधल्या खिळ्याभोवती फिरवत. म्युनिकच्या गेओर्ग लांकेनस्पेर्गर या गाडी बनवणाऱ्या कारागिराने आख जागेवर ठेवून दोन्ही चाकं आपापल्या पिनेवर वळवायची युक्ती काढली आणि १८१८ मध्ये रुडॉल्फ आकरमान याने लंडनमध्ये तिचं पेटंट घेतलं. वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा थोडं जास्त वळलं पाहिजे, नाहीतर एक चाक घासत जातं, ही त्यातली मुख्य गोष्ट. त्याच वर्षी इकडे सीताबर्डीच्या लढाईनंतर आप्पासाहेब भोसल्यांना इंग्रजांनी नागपूरच्या गादीवरून काढलं. महालातल्या राजवाड्यापासून हाकेच्या अंतरावर पद्मिनीच्या पिना ठोकल्या जात असताना हे दोन्ही एका वर्षातलं आहे हे आठवून मला फार बरं वाटलं.

पिन पूर्ण उभी नसते. ती वरच्या टोकाला किंचित आत आणि किंचित मागे झुकलेली असते. त्या झुकावामुळे वळण संपताच गाडीचं वजन आणि रस्त्याची ओढ मिळून चाकं परत सरळ आणतात. सरांच्या गाडीत बॉक्स इतका आवळला गेला होता की या नैसर्गिक ओढीला आतलं घर्षण पुरून उरत होतं. त्यातून पिनाही सुकलेल्या. ग्रीस निपल रंगाखाली दबले होते. त्यांच्यातून शेवटचं ग्रीस कधी गेलं ते कुणालाच आठवत नव्हतं.

नागपूरची हवा इथे आपलं काम करते. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यात गॅरेजच्या पत्र्याखाली किंवा उन्हात उभी राहिलेली गाडी खालून किती तापते याची कल्पना करा. ग्रीसमधलं तेल निथळून जातं, मागे साबणासारखा घट्ट थर राहतो आणि तोच बारीक भोकं बुजवतो. रबराचे बुश कडक होऊन चिरतात. मग पावसाळ्यात चिखलाचं पाणी आत शिरतं आणि पिनेवर गंजाचे खड्डे पडतात. उभी गाडी जास्त खराब होते ती यामुळे. चालणाऱ्या गाडीत निदान जुनं ग्रीस बाहेर येत राहतं.

पुढचा भाग खोलताना सगळ्यात जपायचं ते कॉइल स्प्रिंगला. पद्मिनीचं पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र आहे: वर एक आर्म, खाली एक आर्म, मध्ये स्प्रिंग. ती स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत बसलेली असते आणि खालचा आर्म बेसावधपणे सोडला तर ती माणसाचा हात किंवा कवटी फोडू शकते. मिस्तरींनी खालच्या आर्मखाली जॅक ठेवला, स्प्रिंग बाजूने साखळीने बांधली आणि मगच नट सोडले. जॅक उतरवत आणला तशी ती कुरकुरत लांब झाली आणि शेवटी सैल पडली. तोपर्यंत दुकानात कुणी बोललं नाही.

उजवी पिन सहज निघाली नाही. लॉक पिन काढली, ब्लो लॅम्पने घर तापवलं, पितळी ड्रिफ्ट ठेवून घणाने ठोकलं. निघाली तेव्हा तिच्या खालच्या भागावर बोटाला स्पष्ट लागेल असा खळगा होता. एकाच बाजूने खाल्लेला. खालचा बुश जवळजवळ कागदाएवढा उरला होता. वरचा बरा होता, कारण ग्रीस थोडंफार तिथपर्यंत पोचत असावं.

इथून पुढचं काम लेथचं आणि रीमरचं. नव्या पिनेच्या किटात बुश येतात, पण ते ठोकून बसवल्यावर थोडे आकसतात आणि पिन आत जात नाही. अडाणी माणूस पिनेला पॉलिश पेपर मारतो. तो गुन्हा आहे, कारण पिनेचा कडक थर तिथेच निघून जातो. बुशच आतून कापायचा असतो, आणि वरचा-खालचा दोन्ही एका रेषेत. त्यासाठी लांब रीमर लागतो. त्याचं एक टोक एका बुशात आधाराला राहतं आणि दुसऱ्या टोकाची पाती दुसऱ्या बुशाला कापतात. दोन्ही वेगवेगळे कापले, तर पिन एकेकात छान बसते आणि दोन्हीत मिळून अडते. मिस्तरींचा रीमर त्यांच्या उस्तादांचा. तेलात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेला. तो ते नेहमी एकाच दिशेने फिरवत होते, बाहेर काढतानासुद्धा. उलटा फिरवला की पात्यांची धार जाते. पाव फेरा, मग काढून पुसायचं, पिन घालून पाहायची, परत पाव फेरा. गनमेटलचा सोनेरी भुगा तळहातावर जमत होता. तासाभराने पिन नुसत्या तळव्याच्या दाबाने आत सरकली, सोडल्यावर स्वतःच्या वजनाने पडली नाही आणि वर धरून हलवली तर अंशभरही डगमगली नाही. हे माप मायक्रोमीटरवर लिहिता येईल, पण त्यांनी ते हातावरच ठरवलं.

बुश ठोकण्याआधी त्याचं ग्रीसचं भोक निपलच्या भोकासमोर आणणं ही आणखी एक गोष्ट. बुश थोडा फिरून बसला तर नवी पिन पहिल्या दिवसापासून कोरडी. वरून निपलला गन लावली तर ग्रीस जातं असं वाटतं, पण ते आतल्या भिंतीवर थांबतं. त्यांनी बसवून झाल्यावर बारीक तार घालून भोक उघडं असल्याची खात्री केली. मग गन मारली आणि पिनेच्या दोन्ही टोकांतून ताजं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारत राहिले.

आर्मच्या आतल्या टोकांना रबरी सायलेंट ब्लॉक असतात. तिथे बऱ्याच जणांकडून घोटाळा होतो. गाडी जॅकवर असताना आर्म खाली लोंबतात. तेव्हाच नट पूर्ण कसला, तर रबर त्या लोंबलेल्या स्थितीत घट्ट धरलं जातं. मग गाडी जमिनीवर उतरवली की प्रत्येक रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. नट हाताने लावायचे, चाकं चढवायची, गाडी खाली उतरवून दोन-तीनदा दाबून सोडायची आणि मग पूर्ण वजन असताना कसायचे. महालातल्या त्या बोळात मिस्तरी गाडीखाली आडवे पडून, चाकं जमिनीवर असताना, एवढ्याशा जागेत रिंच फिरवत होते ते याचसाठी.

सुट्या भागांचं काय, हा प्रश्न मला सतत पडत होता. पद्मिनी मुळात इटलीच्या फियाट ११०० ची भारतीय आवृत्ती. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जोडल्या जात, मग फियाट आली. १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट, पुढे प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी. १,०८९ सीसीचं इंजिन आणि पुढचं हे सस्पेन्शन शेवटपर्यंत मूळच्या रचनेला धरून राहिलं. नव्या शतकाच्या तोंडावर उत्पादन थांबलं, तरी किंग पिन किट, टाय रॉड एंड, आयडलरचे बुश बाजारात मिळत राहिले. याचं कारण नागपूरच्या किंवा पुण्याच्या हौशी मालकांत नव्हतं, मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत होतं. दिवसाला शंभरावर किलोमीटर धावणाऱ्या टॅक्सीच्या पिना थोड्या वर्षांत जातात, म्हणून पिना करणारे कारखाने चालत होते. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरमध्ये ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. त्या वेळी वर्तमानपत्रांत हळहळीचे लेख आले, पण त्यासोबत सुट्या भागांचा ग्राहकही गेला हे फारसं कुणी लिहिलं नाही. आता जे किट मिळतात त्यांतल्या काहींचं पोलाद इतकं मऊ असतं की कानशीने सहज ओरखडा पडतो. मिस्तरी नवी पिन हातात घेतली की आधी तेच करून पाहतात: टोकाला, जिथे भार येत नाही तिथे, कानस लावून. कानस घसरली तर पिन ठेवायची, चावली तर दुकानदाराला परत.

तिकडे अ‍ॅम्बेसेडरचा मालक वेगळ्याच चिंतेत असतो. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन आलं की सिव्हिल लाइन्समध्ये या पांढऱ्या गाड्यांच्या रांगा लागायच्या, ते नागपूरकरांच्या डोळ्यांसमोर अजून आहे. तिचं मूळ ब्रिटनच्या मॉरिस ऑक्सफर्डमध्ये. मॉरिस मायनरप्रमाणे ऑक्सफर्डमागेही अ‍ॅलेक इसिगोनिस या अभियंत्याचं डोकं होतं. अ‍ॅम्बेसेडरमध्ये रॅक अँड पिनियन स्टिअरिंग आहे. बॉक्स, ड्रॉप आर्म, आयडलर ही साखळीच नाही, त्यामुळे सांधे कमी आणि ढीलही कमी. पुढे कॉइल स्प्रिंगऐवजी लांब टॉर्शन बार आहेत, पीळ देऊन भार पेलणारे. वरचा आर्म हा शॉक अ‍ॅब्सॉर्बरचाच दांडा. पण तिचं दुखणं ट्रुनियनमध्ये. तिथे आटे असलेली पिन आटे असलेल्या घरात फिरते आणि त्या आट्यांवरच गाडीचा भार असतो. ग्रीस चुकवलं की आटे झिजतात आणि एक दिवस घर पिनेवरून सुटतं, चाक बाजूला पडतं आणि गाडी तोंडावर बसते. रस्त्याच्या कडेला पुढचं एक चाक तिरकं होऊन बसलेली अ‍ॅम्बेसेडर ज्यांनी पाहिली आहे त्यांना ते आठवेल. पद्मिनी कित्येक महिने आधी डुलून, खडखडून सांगते. अ‍ॅम्बेसेडर फारसं न सांगता बसते. म्हणून जिच्यात ढील जाणवते ती गाडी जास्त धोक्याची, असं सरसकट मानू नये.

सस्पेन्शन झाल्यावर, टाय रॉडचे चारही एंड आणि आयडलरचा बुश बदलल्यावर, मिस्तरी शेवटी बॉक्सकडे वळले. आधी चासीला धरणारे बोल्ट कसले. त्यातला एक अर्धा फेरा सैल होता, म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की पहिल्यांदा सबंध बॉक्सच हलत होता. मग आधीच्या गॅरेजात आवळलेला स्क्रू सोडला. आतला वर्म सगळ्यात जास्त झिजतो तो मधोमध, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच जाते. दोन्ही टोकांकडे तो नव्यासारखा राहतो. मधली ढील जाईपर्यंत आवळलं की टोकांना जागाच उरत नाही आणि पूर्ण वळवताना तो दाटतो. सरांना चौकात जाणवत होतं ते हेच. म्हणून दोन्ही टोकांपर्यंत स्टिअरिंग मोकळं फिरेल इतकंच आवळायचं आणि मध्ये राहील ती थोडी ढील मान्य करायची. बॉक्समध्ये ग्रीस भरलेलं निघालं. सील गळतं म्हणून कुणीतरी तेलाऐवजी ग्रीस कोंबलं होतं. ग्रीस एकदा बाजूला सरकलं की परत दातांवर येत नाही. त्यांनी ते काढून सील बदललं आणि गिअर ऑइल भरलं.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ९८ स्टिअरिंगबद्दल आहे. ढील ३० अंशांपेक्षा जास्त नको, बॉल जॉइंटना रबरी टोप्या हव्यात आणि जिथे बोल्ट किंवा पिनेने जोड केला असेल तिथे तो नीट लॉक केलेला हवा, असं तो सांगतो. सोळा इंच व्यासाच्या स्टिअरिंगवर ३० अंश म्हणजे कडेला चार इंचांहून थोडं जास्त. मिस्तरींची मर्यादा एक इंच. कायद्याने चालेल ती गाडी ते रस्त्यावर सोडत नाहीत, आणि मला त्यांचं माप बरोबर वाटतं. महालात चार इंच ढील निभून जाईल. समृद्धी महामार्गावर मोटारींची वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. तिथे शेजारून ट्रेलर त्याच्या वाऱ्याने ढकलत जातो, तेव्हा चार इंच स्टिअरिंग फिरवून होईपर्यंत गाडी दुसऱ्या लेनमध्ये गेलेली असते. नियमातला लॉक करण्याचा भाग मात्र ते अक्षरशः पाळतात. प्रत्येक कॅसल नटमधली स्प्लिट पिन नवी. एकदा वाकवलेली पिन परत सरळ करून घातली की ती मानेतून तुटते. पोराने जुनी एक उचलली तर त्यांनी ती हातातून घेऊन नाल्यात फेकली.

टो त्यांनी दोरीने लावला. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत, हबच्या उंचीवर, दोन्ही बाजूंनी सुती दोरी ताणली आणि रिमच्या पुढच्या व मागच्या कडेपासून दोरीचं अंतर पट्टीने मोजलं. पुढे दोन-तीन मिलिमीटर आत, एवढं ठेवून टाय रॉडचे लॉकनट कसले. नंतर सरांनी खात्रीसाठी गाडी कॉम्प्युटर अलाइनमेंटला नेली. मशीनच्या यादीत पद्मिनी सापडली नाही. ऑपरेटरने नुसतं माप काढून दिलं आणि दोरीचं काम बरोबर निघालं.

अशा गाड्यांच्या कागदांचंही थोडं सांगायला हवं. ज्यांचा वाडा महालातच आहे त्या नितीन गडकरींच्या मंत्रालयाने २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम केले. नव्या नोंदणीला २०,००० रुपये आणि नंबरमध्ये व्हीए अक्षरं. पण अशी नोंदवलेली गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती अशाच कामांना ती बाहेर काढायची. सरांची पद्मिनी अजून पन्नाशीत पोचलेली नाही आणि त्यांना ती देवळात आणि बाजारात न्यायची आहे. त्यामुळे पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी करायचं नूतनीकरणच त्यांना लागू. त्याचं शुल्क २०२२ च्या एप्रिलपासून ६०० चं ५,००० झालं आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी नंतर आणखी वाढलं. मोडीत काढायला उत्तेजन म्हणून हे केलं, हे समजण्यासारखं आहे. पण एखादा मालक पिना बदलतो, स्टिअरिंग नियमापेक्षा चौपट घट्ट ठेवतो, त्याच्याकडून आणि खडखडती गाडी चालवणाऱ्याकडून तेच पैसे घेणं मला पटत नाही. तपासणी कडक करावी. हवं तर जॅकवर चढवून ब्रेक दाबून चाक हलवून पाहावं. जी पास होईल तिला वयाचा दंड नको.

गाडी घेऊन सर आणि मी वर्धा रोडला गेलो. पासष्टला ती लेन धरून चालली. विमानतळाच्या वळणावर सरांनी हात सैल सोडला, तर स्टिअरिंग त्यांच्या बोटांतून सरकत आपणहून मध्यावर आलं. सर काही न बोलता पुढच्या वळणावर परत तेच करून पाहत होते. सिमेंट रस्त्याच्या जोडांवरचा ठक आवाज अजून येतो. तो शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा, आणि तो पुढच्या पगारावर नाही, पुढच्या पेन्शनवर ठेवलाय असं त्यांनी सांगितलं.

मिस्तरींनी पाचशे किलोमीटरनंतर सगळे नट परत कसायला बोलावलंय. नवे बुश बसतात, तेव्हा थोडी जागा निघतेच. ग्रीसचा त्यांचा हिशेब किलोमीटरचा नाही, सणांचा आहे: होळीला एकदा, पोळ्याला एकदा, दिवाळीला एकदा, आणि पावसाळ्यात पाण्यातून गाडी गेली तर घरी पोचण्याआधी. सरांनी ग्रीस गन विकत घेतली आणि आठही निपलांवरचा रंग खरवडून त्यांना लाल टोप्या लावल्या. मुंबईहून कानस न चावणाऱ्या पिनांचे दोन संच मागवून त्यांनी कपाटात ठेवलेत. एक त्यांच्या गाडीसाठी आणि एक मिस्तरींकडे येणाऱ्या पुढच्या पद्मिनीसाठी.